नमुन्यावरून बनवलेली पिन

शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपच्या दारावर पाटी नव्हती, पण आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, एक वाक्य पाटीसारखे सगळ्यांना पाठ होते. "नमुना आणा, संध्याकाळी न्या." राधानगरीकडचा एखादा शेतकरी इंजिनाचा तुटलेला भाग पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून पहिल्या एसटीने येई, रात्रभर पाणी बंद पडल्याची काळजी त्याच्या चेहऱ्यावर असे, आणि आबा तो तुकडा हातात घेऊन आधी नुसता फिरवून पाहत. कोणती बाजू झिजली आहे आणि कोणती नाही हे ओळखले की न झिजलेल्या बाजूवर मायक्रोमीटर लावायचा, झीज किती झाली असेल याचा अंदाज बांधायचा आणि मूळ माप मनाशी ठरवायचे, ही त्यांची पद्धत होती. ड्रॉइंग नावाचा कागद त्या वर्कशॉपमध्ये क्वचितच दिसे. तरीही आबांनी बनवलेले भाग पंधरा-पंधरा वर्षे चालल्याचे मी स्वतः पाहिले आहे. कोल्हापूरचा ऑइल इंजिनाचा सगळा धंदा याच हातांवर उभा राहिला, आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही अभिमानाशिवाय दुसरी भावना नाही.

मी मात्र पुढे विमान देखभाल अभियंता झालो. आमच्या भाषेत एएमई. म्हणजे विमानाची तपासणी किंवा दुरुस्ती झाल्यावर 'हे विमान उड्डाणास योग्य आहे' असे लिहून त्याखाली सही करण्याचा परवाना ज्याच्याकडे असतो तो माणूस. उद्यमनगरातला मुलगा आणि परवानाधारक अभियंता ही दोन माणसे माझ्या आत बरीच वर्षे भांडत होती. ते भांडण ज्या एका छोट्या पिनेवरून पेटले, तिची हकिकत आज लिहितो आहे, कारण गेल्या महिन्याभरात दोन तरुण मेस्त्रींनी मला एकच प्रश्न विचारला: "काका, आपण जगाला कास्टिंग पाठवतो, मग विमानाचा साधा भाग आपण का बनवायचा नाही?"

तेव्हा मी कोल्हापूरबाहेरच्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत नोकरीला होतो. संस्थेकडे सेसना १५२ आणि १७२ या जातीची विमाने होती. त्यातल्या एका १७२ च्या डावीकडच्या आसनाची अडकवण पिन झिजली होती. ज्यांनी हे विमान आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. वैमानिकाचे आसन जमिनीवर बसवलेल्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या रुळांवर पुढे-मागे सरकते, रुळांना ठरावीक अंतरावर भोके असतात, आणि स्प्रिंगच्या जोराने एक पिन त्यातल्या एका भोकात जाऊन बसते. सगळे आसन त्या पिनेवर थांबते. पिन झिजली किंवा भोक लांबट झाले की आसन अडकल्यासारखे वाटते, पण खरोखर अडकलेले नसते. धावपट्टीवर विमान वेग घेते, नाक वर उचलते, आणि नेमक्या त्या क्षणी आसन मागे घसरते. वैमानिकाचे हात तर नियंत्रणावर घट्ट धरलेले असतात. शरीर मागे गेले की हातही मागे जातात, नियंत्रण मागे ओढले जाते, नाक आणखी वर जाते आणि जमिनीपासून जेमतेम उंचीवर असलेल्या विमानाची उचल संपते. अशा अपघातांत माणसे गेलेली आहेत. म्हणून एफएए या अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने १९८७ साली या रुळांच्या, भोकांच्या आणि पिनांच्या नियमित तपासणीचा सक्तीचा निर्देश काढला आणि २०११ साली त्याच्या जागी सुधारित निर्देश आणला. करंगळीपेक्षाही लहान असलेल्या एका पिनेसाठी हे सगळे आहे.

नवी पिन अमेरिकेतून मागवायची होती. मागणी, परकीय चलन, वाहतूक, कस्टम्स असा तिचा प्रवास काही आठवड्यांचा. तोपर्यंत विमान हँगरमध्ये उभे राहणार, आणि ज्या विद्यार्थ्यांच्या वडिलांनी कर्ज काढून फी भरली आहे त्यांचे तास बुडणार. शनिवारी मी घरी निघालो तेव्हा झिजलेली पिन रुमालात बांधून बरोबर घेतली.

आबांनी ती तळहातावर घेतली आणि हसून म्हणाले, "पिनच तर हाय ही. एवढ्यासाठी अमेरिकेला पत्र कशाला धाडायचं?" रविवारी सकाळी त्यांनी कपाटामागच्या ढिगातून एक सळी काढली, ती ईएन-२४ या जातीच्या पोलादाची आहे असे सांगितले आणि लेथ सुरू केला. त्या दिवशीचे त्यांचे काम मला अजून डोळ्यांपुढे दिसते. पिनेच्या टोकाचा उतार त्यांनी झिजलेल्या भागावरून नव्हे तर खांद्याजवळच्या न झिजलेल्या कडेवरून काढला, टूलला तीन वेळा पाणी दिले, शेवटचा कट इतका बारीक घेतला की चिप केसासारखी निघाली. मग पिन भट्टीत कुंकवाच्या रंगाला आली तशी तेलात सोडली, घासून उजळली, आणि भाताच्या पेंढ्यासारखा पिवळसर रंग चढेपर्यंत पुन्हा मंद तापवली. मायक्रोमीटरवर मी माप घेतले तेव्हा मूळ पिनेच्या न झिजलेल्या भागापेक्षा शंभराव्या मिलिमीटरचाही फरक सापडला नाही. फिनिश तर मूळ पिनेपेक्षा सरस होती.

सोमवारी सकाळी मी ती आमच्या मुख्य अभियंत्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा वर करून ती बराच वेळ पाहिली आणि पहिले वाक्य उच्चारले ते कौतुकाचेच होते. "हात सुरेख आहे. वडिलांचा?" मी मान हलवली. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले. हे पोलाद कोणते आणि त्याचा दाखला कुठे आहे? ही पिन कोणत्या ड्रॉइंगप्रमाणे बनवली? आणि उद्या आसन घसरले तर या पिनेची जबाबदारी कोणाच्या नावावर आहे? पहिल्या प्रश्नाला मी "ईएन-२४" असे उत्तर दिले, दुसऱ्याला "नमुन्यावरून" असे दिले, आणि तिसऱ्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी ड्रॉवरमधून लाल टॅग काढला, त्यावर 'वापरू नये' असे लिहून तारीख घातली, पिनेला बांधला आणि पिन मला परत दिली. "ही जपून ठेव. पण माझ्या हँगरमध्ये नको."

मला त्या दिवशी फार लागले. आबांच्या हाताचा अपमान झाला असे वाटले. पुढच्या सुट्टीत मी त्या सळीचा उरलेला तुकडा घेऊन शिरोली एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या फाउंड्रीत गेलो. तिथे स्पेक्ट्रो होता, म्हणजे धातूवर ठिणगी पाडून तिच्या प्रकाशावरून त्यात काय काय आहे हे सांगणारे यंत्र. पिन त्यासाठी फार लहान होती, म्हणून सळीचाच तुकडा घासून सपाट केला. मी आबांच्या बाजूने पुरावा गोळा करायला गेलो होतो. छापून आलेल्या कागदावर कार्बन बरोबर होता, सुमारे ०.४ टक्के. पण ईएन-२४ मध्ये जे सुमारे दीड टक्का निकेल असायला हवे ते नावापुरतेही नव्हते, आणि क्रोमियम, मॉलिब्डेनमही जवळजवळ शून्य. ती सळी ईएन-८ च्या घरातली होती. साधे, चांगले, शेतीच्या शाफ्टला चालणारे पोलाद. पण ईएन-२४ नव्हे.

चूक आबांची नव्हती. सळ्यांची जात ओळखायला टोकाला रंग लावलेला असतो. विक्रेता अख्खी सळी विकतो तेव्हा तो रंग दिसतो, पण तुकडे करून विकताना रंगाचे टोक कोणाच्या तरी वाट्याला जाते आणि बाकीचे तुकडे तोंडी नावावर विकले जातात. कुठल्या दुकानात, कोणत्या वर्षी ही अदलाबदल झाली हे शोधायला मार्ग नव्हता. दोन्ही पोलादांत कार्बन सारखाच, म्हणून ग्राइंडरवरची ठिणगी पाहून ओळखणाऱ्या जाणकारालाही फसायला होते. आबांना मी कागद दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि म्हणाले, "मग तुझा साहेब बरोबर बोलला की." त्या संध्याकाळी त्यांनी कपाटामागच्या ढिगातला प्रत्येक तुकडा बाहेर काढला आणि ज्याची जात सांगता येत नव्हती तो वेगळ्या पेटीत टाकला.

पुढे विचार करताना मला आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे. समजा ती सळी खरोखर ईएन-२४ असती, तरी काय झाले असते? मूळ पिन कोणत्या पोलादाची होती हे मला कुठे ठाऊक होते? ती किती कठीण ठेवली आहे, कठीणपणा पृष्ठभागापुरता आहे की गाभ्यापर्यंत, हे मापाच्या कोणत्याही साधनाने दिसत नाही. पिन फार मऊ झाली तर ती स्वतः झिजेल. तिची आणि रुळाची जोडी चुकीची जमली तर अ‍ॅल्युमिनियमच्या रुळातले भोक लवकर मोठे होईल, आणि मग झिजणारा भाग बदलून मी महाग आणि अवघड भाग खराब केला असे होईल. नमुना आपल्याला आकार सांगतो. तो आकार त्या धातूत का ठेवला आहे, हे नमुना सांगत नाही.

धातूच्या बाबतीत हे किती टोकाला जाते त्याचे एक उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी देतो. ६०६१ हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू विमानात बऱ्याच ठिकाणी वापरतात. टी-६ या प्रक्रियेतून गेलेल्या पत्र्याची कायमचा वाकण्याआधीची ताकद साधारण २७६ मेगापास्कल असते, आणि तोच पत्रा पूर्ण मऊ केलेल्या अवस्थेत असेल तर ती साधारण ५५ मेगापास्कलवर येते. रासायनिक घटक तेच, रंग तोच, वजन तेच, स्पेक्ट्रोचा कागदही अगदी तोच. ताकद पाचपट वेगळी. म्हणून नुसता स्पेक्ट्रोचा दाखलाही पुरत नाही, उष्णताप्रक्रियेचा दाखला आणि कठीणपणाची नोंद सोबत लागते.

धातूच कशाला, प्लास्टिकचेही तेच. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरला हौशी बांधणीच्या एका कोझी विमानाचे इंजिन उतरतानाच्या अखेरच्या टप्प्यात बंद पडले आणि ते धावपट्टीच्या अलीकडे आदळले. वैमानिकाला सुदैवाने किरकोळ इजा झाली. इंजिनाला हवा पुरवणारी कोपराच्या आकाराची नळी थ्रीडी प्रिंटरवर छापलेली होती आणि ती उष्णतेने मऊ होऊन चेपली होती. घेणाऱ्याची समजूत अशी होती की तिचे प्लास्टिक १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे आहे. तपास यंत्रणेने नमुने तपासले तेव्हा ते ५३-५४ अंशांच्या आसपासच मऊ पडू लागत असल्याचे आढळले. आकार बरोबर होता, जागेवर बसलीही व्यवस्थित होती. तोंडी सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवला गेला, आमच्या सळीसारखाच.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की मी विमानाच्या मालकाने स्वतः भाग बनवण्याच्या विरोधात आहे. तसे मुळीच नाही, उलट माझे म्हणणे नेमके दुसरे आहे. अमेरिकेसारख्या देशात, जिथे छोटी विमाने प्रचंड संख्येने आहेत, तिथला कायदा विमानाच्या मालकाला स्वतःच्या विमानासाठी भाग बनवण्याची मुभा देतो. त्यांच्या विमान नियमावलीच्या भाग २१ मधला नियम २१.९ सुरुवातीला सरळ मनाई करतो: प्रमाणित विमानावर बसणार आहे हे ठाऊक असताना कोणीही भाग बनवू नये. मग अपवाद येतात. मूळ उत्पादक, भाग बनवण्याची खास मंजुरी घेतलेला कारखाना, नट-बोल्टसारखे मानक भाग, आणि त्याच यादीत मालकाने किंवा चालकाने स्वतःच्या विमानाच्या देखभालीसाठी बनवलेला भाग.

त्यात 'बनवलेला' या शब्दाचा अर्थ काय, यावर बराच खल झाला. मालकाने स्वतः लेथ चालवलाच पाहिजे का? १९९३ साली एफएएच्या कायदा विभागाने याचे स्पष्टीकरण दिले आणि ते मला आजही शहाणपणाचे वाटते. मालक दुसऱ्या कारागिराकडून भाग करून घेऊ शकतो, पण त्याचा सहभाग खरा हवा. त्याने आराखड्याची किंवा कामगिरीची माहिती पुरवली, किंवा साहित्य दिले, किंवा घडवण्याची पद्धत ठरवून दिली, किंवा गुणवत्ता तपासणीची रीत घालून दिली, किंवा कामावर स्वतः देखरेख केली, यातले काहीतरी झालेले असावे. नुसता फोन करून "एक पिन पाठवा" म्हटले तर तो मालकाने बनवलेला भाग होत नाही; तो बेकायदा विकत घेतलेला भाग होतो. आराखडा योग्य असावा, भाग त्याच्याशी जुळणारा असावा, त्याची नोंद असावी आणि तो नीट बसवलेला असावा, या चारही गोष्टी लागतात. भाग बसवणाऱ्या मेकॅनिकला स्वतःची खात्री पटल्याशिवाय सही करता येत नाही. आणि असे भाग बनवून शेजाऱ्याला विकायचे नाहीत; ते आपल्याच विमानासाठी.

युरोपात वाट थोडी वेगळी आहे. २००० किलोपर्यंतच्या हलक्या विमानांसारख्या ठरावीक गटासाठी, जो भाग आयुष्याची मर्यादा घातलेला नाही, विमानाच्या मुख्य सांगाड्याचा नाही आणि उड्डाण नियंत्रणाचा नाही, तो मालक स्वतःच्या जबाबदारीवर नेहमीच्या प्रमाणपत्राशिवाय स्वीकारू शकतो. मात्र तो मंजूर आराखड्याप्रमाणे असला पाहिजे, त्यावर खूण हवी, आणि तो कोणत्या विमानासाठी आहे हे ठरलेले हवे. मला यातला भेद करण्याचा विचार आवडतो. आसनामागच्या खिशाचे झाकण आणि पंखाचा बोल्ट यांना एकाच तराजूत घालायचे नाही.

आपल्याकडे देखभाल संस्थांना डीजीसीएची, म्हणजे भारताच्या विमान नियामकाची, सीएआर-१४५ ही नियमावली लागू आहे आणि तिची रचना युरोपीय नियमांच्या धर्तीवर आहे. बाहेरून येणाऱ्या भागासोबत सीए फॉर्म १ हे भाग वापरण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र किंवा त्याच्या तोडीचे अमेरिकी अथवा युरोपीय प्रमाणपत्र लागते. पण फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट ही की मंजुरी असलेल्या देखभाल संस्थेला, तिच्या कार्यपुस्तिकेत पद्धत लिहिलेली असेल तर, स्वतःच्या आवारात चाललेल्या कामापुरते मर्यादित भाग घडवता येतात. बुश, स्लीव्ह, शिम, नियंत्रणाच्या केबल, नळ्या, वायरचे जुडगे, पत्र्याचे काही भाग अशी उदाहरणे युरोपीय नियमांच्या मार्गदर्शक भागात दिलेली आहेत. आणि त्याच भागात एक वाक्य आहे, जे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारू लागलो होतो. त्याचा आशय असा: घडवण्याच्या सर्व प्रक्रियांसकट वस्तूचे अभियांत्रिकी ड्रॉइंग तयार केलेले नसेल आणि ते प्राधिकरणाला मान्य नसेल, तर कोणतीही वस्तू नुसत्या नमुन्यावरून घडवू नये. "नमुना आणा, संध्याकाळी न्या" या वाक्याला जगाने दिलेले इतके नेमके उत्तर मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही.

मग आता मेस्त्रींच्या प्रश्नाकडे येतो. प्रश्न रास्त आहे, कारण विमाने म्हातारी होत आहेत. सेसना १५२ चे उत्पादन १९८५ साली थांबले. १७२ चेही १९८६ ते १९९६ या काळात बंद होते. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने आपल्या फ्लाइंग क्लबांसाठी बनवलेले पुष्पक पहिल्यांदा १९५८ साली उडाले. आज कोणी ते जपून ठेवले असेल तर त्याला दुकानात कोणता भाग मिळणार? मूळ उत्पादक जिथे भाग बनवतच नाही, तिथे 'मूळ भागच बसवा' या आग्रहाचा एकच अर्थ उरतो, की विमान उभे ठेवा. किंवा, आणि हे मला अधिक भीतीदायक वाटते, कोणीतरी गुपचूप पिन बनवून घेईल, बसवेल आणि लॉगबुकात काहीच लिहिणार नाही. ज्या वाटेवर नोंद करता येते ती वाट बंद केली की माणसे नोंद नसलेल्या वाटेने जातात. मी तीस वर्षांत अशा नोंद नसलेल्या गोष्टी विमानांमधून काढलेल्या आहेत, आणि त्या काढताना प्रत्येक वेळी मला पोटात गोळा आला आहे.

उलट बाजूने, कागद असला म्हणजे भाग खरा असतो असेही नाही. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले पार्टनेअरचे कॉनव्हेअर ५८० समुद्रात कोसळले आणि त्यातले ५५ ही जण गेले. शेपटीचा उभा पंख जोडणाऱ्या ठिकाणी आवश्यक ताकदीपेक्षा कमी ताकदीचे बनावट बोल्ट सापडले. ते विमान छोटे नव्हते, पण भाग मात्र मुठीत मावणारे होते. २०२३ साली तर जगभर वापरल्या जाणाऱ्या सीएफएम ५६ या जेट इंजिनांचे भाग खोट्या प्रमाणपत्रांसह विकले गेल्याचे उघड झाले आणि विमान कंपन्यांना इंजिने खोलून भाग काढावे लागले. प्रमाणपत्र छापणे सोपे आहे. मला ज्या कागदाबद्दल आदर आहे तो या जातीचा नाही. ज्यावरून मागे मागे जात त्या सळीच्या रंगवलेल्या टोकापर्यंत पोहोचता येते, असा कागद मला हवा आहे.

आणि इथे मला कोल्हापूरबद्दल ठामपणे बोलायचे आहे. असा कागद ठेवणे आपल्याला परके नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या ज्या फाउंड्री वाहन उद्योगाला आणि परदेशी कास्टिंग पुरवतात, तिथे प्रत्येक ओतणीला हीट नंबर, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, असतो, तो कास्टिंगवर उमटलेला असतो, आणि सहा महिन्यांनी ग्राहकाने विचारले तर त्या दिवशीच्या रसाचे रासायनिक प्रमाण, ओतण्याचे तापमान आणि पाळीवरच्या माणसाचे नाव पाच मिनिटांत काढून देतात. ट्रॅक्टरच्या हाउसिंगसाठी हे आपण रोज करतो. मग विमानाच्या पिनेच्या वेळी तोच माणूस 'एवढीशी तर पिन' असे म्हणतो, कारण ती एकच बनवायची आहे. एक हजार नगांसाठी जी शिस्त परवडते ती एका नगासाठी महाग पडते, ही खरी अडचण आहे, कौशल्याची नव्हे. एका पिनेची किंमत समजा शंभर रुपये असेल, तर तिच्या ड्रॉइंगची, चाचणीची आणि नोंदीची किंमत तिच्या कितीतरी पट होते. अमेरिकेतून येणारी पिन महाग का असते, याचेही बरेचसे उत्तर यातच आहे.

म्हणून माझे मागणे दोन्ही बाजूंकडे आहे. नियामकाने हलक्या विमानांच्या मालकाला, आणि लहान फ्लाइंग क्लबांना, बिनजोखमीच्या भागांसाठी अशी वाट स्पष्टपणे, सोप्या भाषेत आणि लहान संस्थेला पेलेल अशा खर्चात खुली ठेवावी: मालकाची लेखी जबाबदारी, मान्य ड्रॉइंग, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे दोन दाखले, बसवणाऱ्या अभियंत्याची स्वतंत्र खात्री, आणि लॉगबुकात न पुसता येणारी नोंद. आसनाची पिन मी त्या यादीत घालणार नाही, हेही सांगून ठेवतो. ती दिसते साधी, पण तिच्यावर उड्डाणाचा सर्वांत नाजूक अर्धा मिनिट टेकलेला आहे. कोणता भाग बिनजोखमीचा आहे हे त्याच्या आकारावरून किंवा किमतीवरून ठरत नाही, तो निकामी झाला तर पुढे काय काय होते हे मांडल्यावरच ठरते, आणि ते मांडण्याचे काम मालकाने एकट्याने करू नये. कारागिरांनी आपल्या बाजूने नमुन्याच्या संस्कृतीतून ड्रॉइंगच्या संस्कृतीत यावे. याचा अर्थ आबांची नजर टाकून द्यायची असा होत नाही. न झिजलेली कडा ओळखणारी ती नजर ड्रॉइंग काढणाऱ्यालाही लागते, आणि सध्या ती फार थोड्यांकडे उरली आहे.

आबा आता नाहीत. वर्कशॉप माझा पुतण्या चालवतो आणि त्याने सीएनसी मशिन घेतली आहे. गेल्या वर्षी एका प्रशिक्षण संस्थेसाठी त्याने विमान ढकलण्याचा टो-बार आणि शेपटीखाली लावायचा स्टँड बनवला. ही जमिनीवरची साधने आहेत, विमानाचे भाग नव्हेत, त्यामुळे त्यांना विमानाच्या भागासारखी प्रमाणपत्रे लागत नाहीत. मी पाहायला गेलो तेव्हा तो टो-बारच्या दांड्यावर पंच मारत होता. काय करतोस म्हणून विचारले, तर म्हणाला, "हीट नंबर टाकतोय, काका. कुणी मागितला नाही, पण सळी कुठली ते कळायला नको का?" त्याच्या टेबलाच्या काचेखाली स्पेक्ट्रोचा तो जुना, घड्या पडलेला कागद आहे. पिन माझ्याकडे आहे. लाल टॅगवरची शाई उडाली आहे, पण 'वापरू नये' एवढे अजून वाचता येते.